संभावना

आपल्याला निळं लवकर पडायचं.
टेबलाचा कोपरा, टेंपोचा दांडा,
कुणी नुसता घट्ट धरलेला दंड.
आई म्हणायची, यांच्या घराण्याची कातडीच नाजूक.
जरा ऐटीतच म्हणायची.
सुमतीआत्याचा दौलतगंजात दात काढला
तर तीन दिवस रक्त थांबेना,
हेही आपण हसत सांगायचो.
पुढे ती कशाने गेली, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

हेरंब, मज्जा मीच देणार होते तुला.
जयारोग्यच्या जिन्यावर गजक चावत म्हटलंही,
बहिणीची आहे, भाऊबीज दुप्पट लागेल.

मग दिल्लीहून कागद आला.
डॉक्टरीणबाईंचं बोट एका ओळीवर थांबलं:
एका अक्षराच्या जागी दुसरं.
तुझ्यात तेच. माझ्यातही तेच.
म्हणून माझी चालणार नाही.
"आपको बीमारी नहीं," त्या म्हणाल्या, "बस, संभावना है."

हिंदीतली संभावना.
आपल्याकडे ती भटजींच्या हातावर ठेवतात,
किती आहे ते दुसऱ्याला दिसू न देता.
बाबांनीही तशीच ठेवली असेल,
स्वतःची मूठ कधी न उघडता.

तुझ्यासाठी आता कुणी परका शोधताहेत.

घरी आले तर कनक सायकलवरून पडलेली.
गुडघा नळाखाली धरला.
निळा.
सगळ्याच पोरांचा होतो.
तिच्या तपासणीचा फॉर्म पर्समध्ये आहे,
गजकच्या पुड्याखाली, तीळ चिकटलेला.
"आई, किती घट्ट धरतेस," ती म्हणाली.
मी दंड सोडला
आणि तिथंच बघत राहिले.