बोटभर

घर अजून कागदावरही नाही.
लिट्रिमच्या चिकण उतारावर
डर्व्हला आणि तिचा सासरा मालाकी
हातभर खड्ड्यात बादली ओततात,
घड्याळ लावून बसतात.

विहीर वरच्या अंगाला, टाकी खाली,
मधे शेजाऱ्याची मेंढरं.
माणसं किती धरायची? पाच.
पाहुणे आले तर सहा.
स्वयंपाकघर कुठे, ते नंतर. आधी
आपलं सांडपाणी कुणाच्या दारी जाणार
ते ठरू दे.

तास झाला. पाणी बोटभर उतरलं
आणि थांबलं. त्यात ढग.

"माझ्या बापाचा एक बूट आहे इथे,"
मालाकी म्हणतो, "अजून परत दिलेला नाही हिनं."

पट्टीवरचा चिखल पुसून
डर्व्हला वहीत आकडा लिहिते,
खरा,
आणि थर्मासचं झाकण त्याच्यापुढे धरते.