शेऱ्याचा रकाना

हत्तुरे बाई गेल्या त्या सकाळी
आमच्या गल्लीत पाणी आलं होतं, पाचव्या दिवशी,
म्हणून निरोप पोचला तरी
बायका नळावरून हलल्या नाहीत.
बाईंना ते चाललं असतं.
त्यांच्या हजेरीपटात 'पाणी आलं' हे
गैरहजेरीचं मान्य कारण होतं.

शाळा महापालिकेची, पत्र्याची,
एका अंगाला मागांचा कारखाना.
खटक खटक, खटक खटक,
आणि त्यातून बाईंचा आवाज धोट्यासारखा
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
लाइट गेली की माग थांबायचे.
मग हातातलं गणित तिथंच टाकून
बाई म्हणायच्या, "कविता काढा रे."
कवितेला शांतता लागते
आणि शांतता आम्हाला वीज मंडळ द्यायचं.

त्यांच्या घरी कन्नड, माझ्या घरी तेलुगू.
मराठी ही दोघांचीही भाड्याची खोली.
बाईंनी ती अशी झाडून-पुसून ठेवली होती
की मालक आला तर त्यानंही
चपला बाहेर काढाव्यात.

सातवीत मी रात्री कांड्या भरायचो, मामाच्या मागावर.
दुसऱ्या तासाला मान पडायची.
एकदा बाईंनी पट्टी मारली, उभी, पेरांवर.
मी गप्प. मल्लेशमनं उभं राहून कारण सांगितलं.
बाई फळ्याकडे वळल्या, काही बोलल्या नाहीत.
माफी मागितली नाही, तेव्हा नाही, नंतर नाही.
दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाकामागं
एक पोतं अंथरलेलं, धुतलेलं,
त्यावर 'साखर' मधला 'साख' तेवढा शिल्लक.
"गुंडेटी, पहिले दोन तास तिथं."
आणि शाळा सुटल्यावर ते दोन तास
वसूल, व्याजासकट. वर्षभर.
साहेब तपासणीला आले तेव्हाही मी घोरत होतो म्हणे.
बाईंनी त्यांना हळू बोलायला सांगितलं.

शोकसभेत कुणी 'ज्ञानाची ज्योत' म्हणालं,
कुणी 'दीपस्तंभ'.
सोलापुरात समुद्र कुठं आहे,
बाईंनी लाल पेनानं विचारलं असतं.

मागं भिंतीला टेकून राजव्वा बसली होती,
पाचवीत शाळा सुटलेली.
तिची बोटं पदराखाली नुसतीच विडी वळत होती,
पान नाही, तंबाखू नाही.
बोल म्हटलं तर मान हलवली.
बाहेर, चपला शोधताना म्हणाली,
"संध्याकाळी दारात यायची बाई.
मी पानं कापायची, ती पाढे घ्यायची.
अम्मा चिडायची, हात थांबतो म्हणून.
मग एकदा चेकरनं छाट काढली,
हजारात एकशे साठ.
मी म्हटलं, परत मोजा.
मोजली. अठ्ठ्याण्णव निघाली."
"मग?"
"मग काय. तेव्हापासनं आख्ख्या लायनीची मीच मोजते."
तिला एकच चप्पल सापडली होती.
दुसरी मी शोधून दिली.

बाईंच्या भाच्यानं रद्दीला काढलेल्या गठ्ठ्यातून
आमचा हजेरीपट मला दिला.
शेऱ्याच्या रकान्यात बारीक, उजवीकडं झुकलेलं अक्षर:
आईला ताप.
विड्या पोचवायला.
गड्ड्याला गेला, खोटं बोलला, जाऊ दे.
माझ्या नावापुढं, पट्टीच्या त्या तारखेला:
रात्रपाळी. मला माहीत हवं होतं.

तिथंच थांबणार होतो.
पण पानाच्या तळाशी, शेवटच्या नंबराखाली,
नंबर नसलेलं एक नाव शिसपेन्सिलीत,
जूनमध्ये पटावरून कमी केलेलं.
राजव्वा.
पुढच्या चौकोनांत बारीक बारीक खुणा,
हजर, हजर, हजर,
रविवारीसुद्धा.