डावा कान

गावाचं नाव सूर, आणि मला एकाच कानाने ऐकू येतं.
माणिक हसतो. हसू दे.
उदगीरचा पोरगा, आयटीआयचा शिक्का अजून ओला,
भर ऑगस्टात गच्चीवर उभा राहून म्हणतो,
परकार उस्ताद, गॅसच सोडून बघू ना,
लीक असेल तर कळेलच.

कळेल. कळायला काय.
खमीसच्या आईच्या खोलीत कळेल, ऐन दुपारी.

नाही बाबा. आधी नायट्रोजन.
सिलिंडर उभा कर, कठड्याला साखळीने बांध,
मान मोडून पडला तर तो सिलिंडर राहत नाही, तोफगोळा होतो.
रंगावर जाऊ नकोस, रंग कुणीही मारतो.
चिठ्ठी वाच. मोठ्याने.
इकडून, उजवीकडून वाच.

सोहारला एका दुपारी नायट्रोजन संपला होता
आणि वेल्डरचा ऑक्सिजन शेजारीच उभा होता.
"हवाच तर आहे," असं कोण म्हणालं ते मी सांगत नाही.
कॉम्प्रेसरच्या पोटात तेल असतं.
तेलाला दाबातला ऑक्सिजन भेटला
की ती दोघं काडीची वाट बघत नाहीत.
आवाज मला आठवत नाही.
त्यानंतरचं आठवतं : माणसांची तोंडं नुसतीच हलताहेत,
आणि इस्माईल दळवीची एक चप्पल
पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलेली, सरळ,
कुणी काढून ठेवावी तशी.

असो. रेग्युलेटर लाव.
बाजूला उभा राहून उघड, काट्यासमोर तोंड नको.
शंभरावर थांब. ऐक. माझ्या वाटचंही ऐक.
मग तीनशे. मग पाचशे,
मशीनच्या पाटीवरचा आकडा ओलांडायचा नाही.

आता साबण.
नटाच्या कडेने ब्रश फिरव, सावकाश,
आजारी माणसाच्या ओठाला पाणी लावतात तसा.
लहानपणी आम्ही दाभोळला
मोगली एरंडाच्या देठात चीक धरून फुगे फुंकायचो,
फुगा आला की नाचायचो.
इथे मी गुडघ्यावर बसून
फुगा येऊ नये म्हणून श्वास धरतो.

आला. जाड पाइपाच्या नटाखाली,
मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा, सात रंगांचा, बेशरम.
माणिकने लगेच पाना उचलला.
ठेव खाली! दाब असताना पाना लागत नाही.
आधी उतरव, पुरता, शून्यावर,
आणि उघड्यावरच, खोलीत कधी नाही :
त्याला वास नसतो, माणूस नुसता झोपतो.
नट सोडला तर आत तांब्याची कोर राहिलेली,
नखाएवढीही नाही. माझीच. सकाळी घाईत कापलेली.
माणिक काही बोलला नाही. बरं केलं.

फ्लेअर नव्याने केला, पुन्हा भरलं, चार वाजता पाचशे.
सावलीत चव्वेचाळीस.
आकडे भिंतीवर खडूने लिहिले आणि रात्र मध्ये घातली.

पहाटे चारशे ब्याऐंशी.
पोराचा चेहरा काट्यापेक्षा खाली.
मी म्हटलं, पारा बघ. तेहेतीस.
गारव्यात वायूही अंग चोरतो,
ऊन चढलं की हातपाय पसरेल.

खमीस कहव्याची सुरई घेऊन वर आला,
सगळं ऐकून मान हलवली.
त्याचा आजा खाडीवर गलबतं बांधायचा,
फळ्यांच्या फटीत तेलातला कापूस ठोकायचा,
आणि मग तीन भरत्या नुसता काठावर बसायचा.
माल नाही, शीड नाही. बसायचा.
घरचे म्हणायचे, म्हातारा काम करत नाही.

दुपारी चारला काटा पाचशेवर आला,
खडूच्या रेघेवर पाय ठेवल्यासारखा.

माणिकने व्हॉल्व्ह सोडला, गच्चीवरच, वाऱ्याकडे तोंड करून.
मी सवयीने डावा कान पुढे केला,
मग आठवलं, तसाच ठेवला.
तो विचारत होता काहीतरी, दोनदा विचारलं असेल.
वळलो.
"आता गॅस?"

आता व्हॅक्यूम पंप आण खालून.
आणि पायरी बघून चढ.