तिसरा तास

इबू रुस्मिनी वेळापत्रक खोडतात, पुन्हा आखतात.
मातारामच्या कचेरीचं पत्र आलंय:
गणिताला आठवड्याचे सहा तास.
फिकह शिकवणारे म्हातारे उस्ताद बोलत नाहीत,
टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात नुसती.

सहा आणायचे कुठून?
पहाटेपासून पोरांचे डोळे तसेही तांबारलेले.

बाहेर वुजूच्या हौदाशी
सहावीतला झुल्पान पट्टी घेऊन वाकलाय.
"साठ गुणिले साठ गुणिले साठ...
दोनशे सोळा लिटर, उस्ताद!
पाणी पाक राहायला किताबात म्हटलंय,
बरोबर तेवढं!"

उस्ताद खिडकीशी येतात.
"काठोकाठ आहे का रे?"

झुल्पान बघतो.
चार बोटं कमी.
पट्टी पुन्हा बुडते, ओठ पुटपुटू लागतात.

तिसऱ्या तासापुढे बाई
पेन्सिलीने लिहितात: हौद.
कचेरीला काय कळवायचं,
ते उद्या बघू.