अठरावा सूर

बिगुल माझ्या हातात होता, वाजवणारा मी नव्हतो.
त्याच्या घशात एक यंत्र बसवलेलं असतं.
कळ दाबायची, पाच सेकंद थांबायचं,
मग गाल फुगवून उभं राहायचं.
खरे वाजवणारे हल्ली पुरत नाहीत;
मेलेले मात्र पुरून उरतात.

नॉर्थ डकोटा. जानेवारी. उणे एकोणतीस.
कुदळ लागेना म्हणून जमिनीला
बाळंतिणीला द्यावा तसा
रात्रभर शेक दिला होता.

झेंड्याच्या तेरा घड्या घातल्या आम्ही.
निळं वर. लाल कडेची रेघही दिसता कामा नये.
कापड पत्र्यासारखं वाजत होतं,
डेलाक्रूझचं नाक गळत होतं, पुसायची परवानगी नसते.

मग मी कळ दाबली.
सूर निघाले, सरळ, स्वच्छ, कुणाचेच नसलेले.
ओठ धातूला चिकटले.
सवयीने मोजत होतो:
पंधरा, सोळा, सतरा.
अठरावा, सगळ्यात उंच,
आलाच नाही.

बॅटरी गारठली.
गाल फुगवून मी तसाच उभा,
तोंडात गूळ सापडलेल्या पोरासारखा.
दूर कोठाराचा सुटलेला पत्रा तेवढा बडबडत होता.
उरलेले सात सूर
कुणी उसने देईना.

गुडघा टेकला. घडी तिच्या मांडीवर ठेवली.
कृतज्ञ राष्ट्राच्या वतीने, वगैरे,
पाठ केलेलं सगळं म्हटलं.
मार्लिस हाउगन, शाळेची बस चालवते,
अंगात मुलाचं जाकीट, बाह्या दोनदा दुमडलेल्या.
घडीचं टोक तिने अंगठ्याने चाचपलं,
विणलेल्या मोज्याची टाच बघावी तसं,
आणि हळूच म्हणाली,
"कोल्बी सातवीत ट्रम्पेट शिकायचा. गॅरेजमध्ये.
बरोबर तिथेच अडायचा."

मी काय बोलणार?
आम्हाला एकच वाक्य दिलेलं असतं.

परतताना डेलाक्रूझने यंत्र काखेत धरलं,
शर्टाच्या आत.
फार्गोच्या अलीकडे, पेट्रोल पंपावर,
ऊब धरली असेल म्हणून त्याने कळ दाबून पाहिली.

पहिल्यापासून सुरू झालं.
आम्ही दारं उघडून खाली उतरलो.
सावधान.
शेजारच्या ट्रकवाल्याने,
कोण गेलं ते न विचारता,
नळी तशीच टाकीत ठेवून
कानटोपी काढली.