खिळ्यावरचा स्वेटर

तिमाहीच्या पट्ट्या कॉस्टिकच्या ऊन पाण्यात
सात तास ठेवल्या,
मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक.
नखाएवढं प्लास्टिक. न्यूट्रॉनच्या धक्क्यानं
उडालेला कण आत ओरखडा काढून जातो,
कॉस्टिक त्याचा खड्डा करतं,
खड्डे मी मोजते.

निपाणीकडच्या शेतात तंबाखूच्या पानावर
तांबूस ठिपके उठले की मावशी म्हणायची,
पान तयार झालं.
इथं ठिपके उठले की आम्ही गप्प होतो.

चार. सहा. तीन. पाच.
अकरा नंबरला मोजणं सोडून
पुन्हा पहिल्यापासून मोजलं.
अकरा नंबर म्हणजे वैजयंता हलगेकर,
कन्सोलवर बसणारी, सगळ्यांत सावध.

शिशाला तो जुमानत नाही.
पाट्यावर आपटलेल्या गोटीसारखा
तसाच उसळून परततो.
गोटीला गोटी लागली तरच थांबते:
मेण, पाणी, पॉलिथिन, असलं हलकं काहीतरी.
ना धन, ना ऋण.
दुकानाच्या पाटीवरच्या लिपीवरून
माणसाची बाजू ओळखायला शिकलेली मी;
ज्याला बाजूच नाही त्याला अडवायचं कसं,
हे कळायला मला दोन वर्षं लागली.

रात्री शेवटचा पेशंट गोकाकच्या गाडीला गेला.
इरण्णानं तो पांढरा गोळा खांद्यावर आणला,
कलिंगडाएवढा, पण दहा किलोचा.
"एनायतु, मॅडम?"
काही नाही अजून, मी म्हटलं. त्याला मराठी समजतं,
मला कन्नड समजतं,
बोलतो आपापलं.

गोळा आत, आम्ही बाहेर, वायर दाराखालून.
मशीन पूर्ण ताकदीवर, रिकाम्या पलंगावर.
दाराशी: जवळजवळ काही नाही.
कन्सोलपाशी: काहीच नाही.
मशीन बंद करून गोळा वळणापर्यंत सरकवला,
पुन्हा बाहेर, पुन्हा दार.
आकडा चढला.

तिथंच भिंतीत खिळा होता.
खिळ्यावर निळा स्वेटर,
खिशाला तिचा बॅज.

भावाच्या हळदीला खानापूरला जायच्या घाईत
विसरली. आल्यावर आठवेना कुठं ठेवला,
ओरडा बसेल म्हणून बोलली नाही. तेवीस दिवस.
फोनवर रडली, मग हसली,
मग विचारलं, "मग माझं किती?"

स्वेटरचं मला माहीत होतं, मिलीसिव्हर्टपर्यंत.
तिचं कुणीच मोजलं नव्हतं.
रजिस्टरात तो आकडा लाल शाईनं खोडला,
बाकीच्यांची सरासरी काढून लिहिली
आणि पुढं, बारीक अक्षरात, अंदाजे.
त्या एका शब्दावर पेन बराच वेळ टेकून राहिलं.

इरण्णा स्वेटर पट्टीनं उचलायला लागला,
लांबून, पाल उचलावी तसा.
अरे, त्याच्यात काही उरत नाही, म्हटलं,
आणि पटावं म्हणून अंगात घातला.
खोबरेल तेलाचा वास.
बाह्या मनगटाच्या वरच राहिल्या.
बाहेर थंडी होतीच,
तसाच घालून घरी आले.