सोडण्याचे कारण

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी
पारा त्रेचाळीसवर होता
आणि चार दिवसांनी नळाला पाणी आलेलं.
माझे एक्क्याऐंशी टक्के
आईनं पिंप भरता भरता ऐकले.
"बरं झालं," म्हणाली, "पाइप धर."

मग सीईटीचा निकाल.
पर्सेंटाइल म्हणजे काय, हे तिला कसं सांगणार?
ती दिवसाला हजार विड्या वळते,
कारखान्यात त्यातल्या पन्नास-साठ
छाट म्हणून बाजूला काढतात.
म्हटलं, समज, लाखो विड्यांचा ढीग आहे,
त्यात माझी विडी कितवी, ते.
सुपातली तंबाखू सारखी करत तिनं विचारलं,
"छाटातली तर नाही ना?"

शिवलीला बिराजदार दोन वर्षं लातूरला होती क्लासला.
तिची फाइल निळी, आत प्लॅस्टिकचे कप्पे.
माझी टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा कापून केलेली,
वर छापलंय: एक डझन, पक्का रंग.

कागद, कागद.
उत्पन्नाचा, रहिवासाचा, नॉन क्रिमीलेअर.
आधारवर मी येमूल,
दहावीच्या सर्टिफिकेटवर यमुल,
रेशनकार्डावर नाना एमूल.
तिन्ही माणसं एकाच घरची
असं कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून
टाइप करून घेतलं, सही केली.
सही करतानाही थांबले क्षणभर,
कुठल्या स्पेलिंगनं करू?

राहिली जातपडताळणी.
खिडकीतले साहेब म्हणाले, सदुसष्टच्या आधीचा पुरावा आणा.
सदुसष्टच्या आधी आमच्याकडं
भूक होती, माग होता,
पुरावा कोण ठेवणार?

आजोबांची तेलुगू शाळा कधीच बंद पडली.
तिची रजिस्टरं दुसऱ्या शाळेच्या कपाटात,
कपाटाची किल्ली शिपायाकडं,
शिपाई लग्नाला अक्कलकोटला.
तिसऱ्या खेपेला सापडलं.
हेडमास्तरांनी धूळ फुंकली, शिंकले,
आणि नख एका ओळीवर ठेवलं:
राजमल्लू नरसय्या येमूल.
जात पद्मशाली. इयत्ता दुसरी.
सोडण्याचे कारण: सतत गैरहजर.

मी जातीच्या रकान्याकडं बघत होते.
नाना त्याच्या पुढच्या.
त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं.
मग म्हणाले, "हजर होता की.
दुसरीकडं."

झेरॉक्स दोन रुपये. पाच काढल्या.

आता फक्त ऑप्शन फॉर्म.
पुणं पहिल्या नंबरला टाकलं,
रात्री चौथ्याला नेलं,
सकाळी परत पहिल्याला.
हॉस्टेलची फी वहीच्या मागच्या पानावर
आईच्या विड्यांत मोजली
आणि ते पान फाडलं.
नाना एवढंच म्हणाले,
"इथंबी आहे की कॉलेज,"
आणि जेवण झाल्यावर पुन्हा, हळू,
"तुझं तू बघ."

शेवटचा दिवस. अशोक चौकातलं नेटकॅफे.
सबमिट दाबलं तर ओटीपी मागितला.
नंबर नानांचा. नाना कारखान्यात,
चार माग एकट्यानं सांभाळत.
पहिला ओटीपी मेला, उचललाच नाही फोन.
दुसऱ्याला उचलला,
पण फोनमधून आधी चारही माग बोलले,
मग ते.

आकडे ते तेलुगूतच वाचतात,
पगाराचे असोत की देवाच्या वर्गणीचे.
एवढ्या जोरात, की शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा
हेडफोन काढून बघायला लागला.
"रेंडु!"
दोन.
"सुन्ना! आरु! आरु!"
शून्य, सहा, सहा.
"नालुगु!"
चार. स्क्रीनवर अकरा सेकंद.
शेवटचा आकडा खटखटीत अडकला.
"नाना, परत सांगा, परत!"

"तोम्मिदी," ते ओरडले.
आणि लगेच,
"ठेवतो, धागा तुटलाय."